पाचरीचं गणित

तुमचं माणूस किरणोपचाराच्या मशीनखाली झोपतं, तेव्हा त्याला किती किरण द्यायचे हे गणित कोण करतं, असं तुम्ही कधी विचारलंय? मीही विचारलं नव्हतं. चिंचणीच्या माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला, म्हणून बोईसरजवळच्या रुग्णालयात हे गणित करणारा माणूस भेटला.

चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे. कॉम्प्युटरने आकडा दिला तरी तो पुटपुटत तेच गणित कागदावर पुन्हा मांडतो. छाती सपाट नसते, म्हणून किरणांच्या वाटेत धातूची पाचर ठेवतात. दाराखालची लाकडी पाचर काढून त्याने मला दाखवलं, "जाड बाजूनं किरण कमी जातात. मशीन किती वेळ चालवायची, ते त्यावर ठरतं."

पहिल्या दिवशी मावशी टेबलावर झोपली आणि तो पुन्हा तपासलेल्या गणिताचा कागद घेऊन धावत आला. पंचेचाळीस अंशांच्या जाड पाचरीला त्याने तीस अंशांच्या पातळ पाचरीचा आकडा लावला होता. किरण कमी पडले असते आणि रोग मागे उरला असता.

मावशी उठून बसली. "आमी दोन गाड्या बदलून आलो, नि तुमचं गणित अजून चालूच हाय?"

"चूक माझी हाय, मावशी. अर्धा तास द्या."

"घे बाबा. पण आता नीट कर."

तो गप्प राहिला असता, तर कुणालाच कळलं नसतं. जबाबदारीवर भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. सगळ्यांदेखत 'चूक माझी' म्हणणारा माणूस तिथे पाहिला.

म्हणून तुमच्या माणसाला आत नेण्याआधी एवढं विचारा: हे गणित दुसऱ्यांदा कोणी तपासलं? आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.