हिप्परग्याच्या पाण्यावर नर्सअक्का

नर्सअक्का टांग्यात मागे बसल्या की टांगा मागे कलायचा आणि घोडं पुढून उचललं जायचं. सोलापुरातल्या टांगेवाल्यांना हे पाठ होतं. अक्का दिसल्या की ते आधी स्वतः पुढे दांडीवर जाऊन बसत आणि मगच म्हणत, "हं, चढा आता." अक्कांना याची लाज नव्हती. "अंगात वजन हाय म्हणून तर गावात वजन हाय की," असं म्हणून त्या खुशाल पानाला चुना लावत.

सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई. नवरा प्लेगात गेला, तेव्हा दिराच्या घरी राबत बसण्यापेक्षा त्या सोलापूरच्या दवाखान्यात आल्या आणि बाळंतपणं करायला शिकल्या. मी मिलच्या इंजिनखात्यात लागलो आणि त्यांच्या घरची बाहेरची खोली भाड्याने घेतली, तोवर निम्मं शहर त्यांच्या हातांवर जन्माला आलेलं होतं. सात रस्त्यावरून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच. दर दुकानापाशी कुणीतरी पाया पडायचं, आणि अक्का चारचौघांत त्याला सांगायच्या, "तू पायाळू व्हतास बघ. लई छळलंस आईला."

त्यांचं एक वाक्य सगळीकडे चालायचं : "कळ आल्याबिगर जोर लावायचा न्हाय." दार अडकलं, चूल पेटेना, मला बढती मिळेना, सगळ्यावर हाच उतारा.

अशा या अक्का थंडीत शेजारच्या वकिलीणबाईंबरोबर हिप्परग्याच्या तलावाकाठी हुरडा खायला गेल्या. मीही होतो. तिथे आमच्या मिलचे इंजिनियर आपली मोटारबोट घेऊन आले होते. ते पारशी, म्हणून सगळी मिल त्यांना बावाजी म्हणे. बोट होडीएवढी आणि तिचं इंजिन शिवणयंत्राएवढं. पण बावाजींचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी बोटीमागे दोराने एक फळी बांधली होती, आणि त्या फळीवर मुंबईहून आलेली त्यांची काटकुळी भाची चक्क उभी होती. फळीला लगामासारखा लावलेला दोर हातात धरून ती पाण्यावरून सुळकन गेली.

अक्कांच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. "मला बी बसवा की त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हांला ओढायला आगगाडी लागेल हो!" वकिलीणबाई म्हणाल्या. बायका हसल्या. अक्काही हसल्या, पण कणीस खाली ठेवून त्यांनी कासोटा घट्ट खोवला आणि पाण्याकडे निघाल्या. विहिरीत पोहायला शिकलेली बाई ती. तिला पाण्याची कसली भीती?

बावाजींना नाही म्हणवेना. दोरावर लक्ष ठेवायला त्यांनी मला बोटीत घेतलं. अक्का फळीवर पालथ्या पडल्या. इंजिन किंचाळू लागलं, मागचं पाणी उकळल्यासारखं झालं, बोटीचं नाक आभाळाकडे वर गेलं. पण बोट जागची हलेना.

"निघाली का न्हाय अजून?" मागून अक्कांनी विचारलं.

बावाजींना राग आला. त्यांनी बोट मागे घेतली, दोर ढिला सोडला आणि एकदम वेग दिला. दोराला हिसका बसला. फळी बोटीबरोबर गेली आणि अक्का होत्या तिथेच राहिल्या. बुडून वर आल्या, नाक शिंकरलं आणि ओरडल्या, "बावाजी, फळी पोचली व्हय सुखरूप?"

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शहरभर झाली. अक्कांना कुणी तोंडावर हसलं नाही. पण मिलमध्ये बावाजींच्या इंजिनावर लोक भलतेच विनोद करू लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि टोपी मांडीवर ठेवून बसले.

"बाई, इंजिन लहान आहे."

"म्हंजे मी मोठी, असंच की."

"फळी मी मोठी करून घेतो, रुंद. ती लवकर वर येईल. पण बोटीतला एक माणूस कमी केला पाहिजे."

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला उतरवा."

"हा? याला उतरवून काय फायदा? फुंकर मारली तर उडेल." बावाजींनी आपल्या भल्यामोठ्या पोटाकडे पाहिलं. "मीच उतरतो. बोट हा चालवेल."

हे म्हणताना त्यांचा आवाज मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. पुढचा आठवडाभर मिल सुटली की ते मला इंजिन शिकवत होते.

रविवारी काठावर जत्रा भरली. बोटीच्या नाकात वाळूची पिशवी टाकली होती, वारा पाठीशी घेतला होता. अक्का नव्या फळीवर पालथ्या पडल्या. मी इंजिन सुरू केलं.

"आधी दोर ताणून घे!" बावाजी काठावरून ओरडले.

"दमानं," अक्का म्हणाल्या. "दमानं… आत्ता! लाव जोर!"

मी जोर लावला. बोट कण्हली, रेंगाळली, आणि मग एकाएकी मोकळी झाली. मागे वळून पाहिलं, तर अक्का फळीवर गुडघे टेकून होत्या. मग एक पाय उचलला. मग दुसरा. लाल काठाचं नऊवारी लुगडं, कपाळावर पसरलेलं गोंदण, दोन्ही हातांत लगाम, आणि अक्का पाण्यावर उभ्या! काठावर बावाजी टोपी उडवून नाचत होते. वकिलीणबाई सगळ्यांत मोठ्यांदा ओरडत होत्या, "अक्का, धरा, धरा!"

आम्ही अर्धा तलाव गेलो असू. तेवढ्यात बांधावर कुणीतरी धोतराचा सोगा हलवताना दिसलं. अक्कांनी त्याला माझ्याआधी पाहिलं. "काठाला घे," त्या म्हणाल्या, "बाई अडली असंल कुणाची तरी." साळ्यांच्या पेठेतला तेलुगू माणूस होता तो, बायकोसाठी टांगा घेऊन धावत आलेला. अक्का निथळत तशाच टांग्यात चढल्या. त्या घरात त्या दिवशी मुलगी झाली. सुईण नखशिखान्त ओली येऊन उभी राहिली म्हणून आजीने तिचं नाव गंगम्मा ठेवलं.

नंतर बावाजी कितीदा म्हणाले, पण अक्का फळीवर पुन्हा चढल्या नाहीत. मला कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी लागली आणि खोली सुटली. काही वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. सुकून गेल्या होत्या, ओळखू येईनात. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी फळीवर कसं वाटलं होतं हो?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"जलमभर दुसऱ्यास्नी बाहेर काढलं रं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाण्यातनं मला कुणीतरी वढून काढलं. लई रडू आलं व्हतं. पाण्यात कुणाला दिसतंय?"

मग त्यांनी हात हलवून मला उठवलं. "जा. शेंगाची चटणी हाय घरात. भाकरी खाऊन जा."

ती आमची शेवटची भेट.