खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी

सर्विस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांसाठी मऊ सोफा ठेवलेला असतो. मी त्यावर कधी टेकलो नाही. काचेजवळ उभा राहून पलीकडे बघत असायचो, कारण पलीकडे आमची गाडी असायची. आमची म्हणतो ते सवयीने. गाडी माझी नव्हती, म्हणूनच तर बसवत नव्हतं.

गाडी मावशीच्या मुलाची. मावशी माझ्या नात्यातली नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात तिचं घर आहे, त्याच्या माळ्यावर मी राहतो. मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली, दोन-चार गावं फिरलो आणि शेवटी इथे आलो. पाणी शुद्ध करायच्या मशीनचे फिल्टर बदलायचं काम मिळालं. आज अंधेरी, उद्या घाटकोपर, परवा भांडुप. पाठीवर फिल्टरची बॅग, खिशात पेनाएवढा मीटर. मीटर पाण्यात बुडवला की पाण्यात क्षार किती ते आकड्यात दिसतं. आकडा बघून गिऱ्हाईक घाबरतं आणि वर्षाचं काँट्रॅक्ट घेतं. खोटं काही नसतं त्यात, पण घाबरवणं असतंच.

मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी. पहिल्या खेपेच्या पगारातून त्याने ही मोटारसायकल घेतली, महिनाभर मिरवली आणि पुढच्या खेपेला निघून गेला. गाडी दारात उभी राहिली. मी तेव्हा बसने काम करायचो, रोज कुणाच्या तरी शिव्या खायचो उशीर झाला म्हणून. एक दिवस मावशीने चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, उभी राहून सडंल, त्यापरीस तू फिरव. सकाळी मला आन माझी मासळीची पाटी तेवढी बाजारात सोड. रिक्षावाले वासाला नाकं मुरडतात.

अनोळखी पोराच्या हातात नवी गाडी. आमच्याकडे सख्खा भाऊ देत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर कधी नीट आलीच नाही. उपकाराचं एक असतं, ते अंगावर घेतलं की सारखं चाचपून बघावं लागतं, आहे ना, पडलं नाही ना.

मुलाने फोनवरून एकच अट घातली. सर्विस शोरूमलाच करायची, बाहेर कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी ती देववाक्यासारखी पाळली. साकीनाक्याला माझ्या ओळखीचे दोन गॅरेजवाले आहेत, अर्ध्या पैशात ऑइल बदलून देतात आणि वर चहा पाजतात. त्यांनी चिडवलंही, शोरूमवाले काय ऑइलमध्ये केशर घालतात का म्हणून. मी नुसता हसायचो. फुकट सर्विस म्हणतात तिच्यात फुकट असते फक्त मजुरी. ऑइल, फिल्टर, साफसफाई, वंगण, सगळं बिलात येतं. मला ते नवीन नव्हतं, मी स्वतः तेच विकतो. 'बाहेरचा फिल्टर टाकलात तर आमची जबाबदारी नाही' हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी बोलतो. काउंटरवरचा सल्लागार तेच वाक्य मला ऐकवायचा तेव्हा माझाच आवाज ऐकल्यासारखं व्हायचं.

बिलात एकच ओळ होती जी मी दर वेळी खोडायला लावायचो. गाडी धुण्याची. म्हटलं, धुण्याला कसले पैसे, मला हात नाहीत का? आणि धुवायचोही रोज. मावशीला बाजारात सोडून आलो की पाटीतून गळलेलं बर्फाचं, माशांचं पाणी सीटखाली, सायलेन्सरवर पसरलेलं असायचं. मी आधी गाडी धुवायचो, मग आंघोळ. वर कव्हर घालून दोरी आवळायचो. आमच्याकडे गाडीचा शत्रू म्हणजे धूळ, त्यामुळे झाकून ठेवणं म्हणजे माया करणं.

त्या तिसऱ्या सर्विसला सल्लागाराने मला आत बोलावलं. एरवी गिऱ्हाइकाला आत घेत नाहीत. गाडी उंच फळीवर चढवलेली होती, सीट काढून बाजूला ठेवलेली. सीटखालचे दोन्ही लोखंडी दांडे तपकिरी झाले होते. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टेकवून ओढला. पापुद्रे पडले, पोपडे धरलेल्या भिंतीसारखे.

सल्लागाराने विचारलं, "सर, मासे वाहता?"

मला सर म्हणवून घ्यायची सवय नाही. मी हो म्हणालो, पण रोज धुतो म्हणालो, एक दिवस चुकवत नाही.

"कुठल्या पाण्याने?"

कोळीवाड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक विहीर आहे. नळाचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं आणि मावशी ते कळशीकळशीने भरून ठेवते. त्यातलं गाडीवर ओतायला माझा हात कधी धजला नाही. राहायला जागा त्यांची, गाडी त्यांची, आणि पाणीही त्यांचंच उधळायचं? म्हणून मी विहिरीवरून बादल्या आणायचो. त्या विहिरीचं पाणी कुणी का नेत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. उलट गर्दी नसते म्हणून बरं वाटायचं.

मी विहिरीचं म्हणालो आणि म्हणतानाच खिशातला मीटर मांडीला टोचला. लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन ग्लासात मीटर बुडवणारा मी. त्या बादलीत एकदाही बुडवला नव्हता.

सल्लागार वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं. माशांच्या पाण्यात मीठ, धुतलं तेही खारं, आणि वरून ओल्यावरच कव्हर, म्हणजे आत वाफ धरून राहणार. गंज वॉरंटीत बसत नाही. चॅसिस, म्हणजे सगळा सांगाडाच बदलायचा तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जाईल, शिवाय चॅसिसवरच्या नंबरासाठी आरटीओच्या फेऱ्या. बाहेरून वेल्डिंग केलंत तर कंपनी हात वर करेल. मग म्हणाला, एक गंजरोधक कोटिंग आहे, काळा थर मारून देतो, फार महाग नाही.

मी विचारलं, "त्याने थांबेल का?"

तो मेकॅनिककडे बघून म्हणाला, "वरून दिसणार नाही."

मुलगा पुढच्या महिन्यात यायचा होता. वरून दिसणार नाही, हे शब्द कानात घेऊन मी परत काचेबाहेर आलो. सोफ्याशेजारी पाण्याचं मशीन होतं, त्यावरची फिल्टर बदलायची तारीख उलटून गेली होती; एरवी मी मॅनेजरला गाठलं असतं. त्या दिवशी फेऱ्या मारत राहिलो. कोटिंग मारलं तर तो येईल, गाडीवरून हात फिरवेल, मला शाबासकी देईल, माळा राहील. आणि एक दिवस मावशी मागे बसलेली असताना, मांडीवर पाटी, लिंक रोडच्या एखाद्या खड्ड्यात ते दांडे... पुढचं मनात आणवेना. पण माळाही मनातून जाईना. मुंबईत दुसरं छप्पर कुठे बघायचं, याचा हिशोब मी त्या फेऱ्यांमध्ये दोनदा तरी करून पाहिला.

कोटिंग नको म्हटलं. सीट परत लावून घेतली, नेहमीचं बिल भरलं, आणि त्यात पहिल्यांदाच धुण्याची ओळ राहू दिली. सगळ्या बिलात तीच सगळ्यात स्वस्त होती.

घरी आलो तर मावशी ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिला आधी कळेना.

"त्या हिरीचं पानी? आरं, आमी त्यानं ओटा पन धूत नाय. तुला कोनी सांगितलं?"

कुणीच नाही, म्हणालो. तुमचं नळाचं पाणी वाचावं म्हणून.

तिचे हात थांबले. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो, ओरडली असती तर बरंही वाटलं असतं. ती पुन्हा बोंबील निवडायला लागली आणि निवडता निवडता म्हणाली, "मी नाय सांगायची त्याला. तूच सांग."

जहाज बंदराजवळ आलं की त्याच्या फोनला रेंज येते. ती कधी येईल याचा नेम नाही. मधले दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मुलुंडला एका बाईंकडे जुनाच फिल्टर परत बसवून आलो, त्यांनी फोन करून परत बोलावलं. गाडी दारात उघडी ठेवली होती, कव्हर काढून घडी करून. मावशी रिक्षाने बाजारात जायला लागली. परतल्यावर रिक्षावाला काय काय बोलला ते हसून सांगायची आणि मला हसता यायचं नाही.

एका संध्याकाळी फोन आला. मावशीने दोन शब्द बोलून तो सरळ माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, विहीर, कव्हर, कोटिंग, साकीनाक्याच्या ओळखीच्या गॅरेजला कधी नेली नाही तेही, न थांबता. पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "दाखव."

सीट काढून, व्हिडिओ चालू करून मी मोबाइल आत धरला. त्याने तो अजून खाली घ्यायला लावला, मग विचारलं,

"मी इथे काय काम करतो माहितीये तुला?"

मला वाटायचं, जहाज चालवत असेल.

"हातोडी देतात रे हातात. डेक ठोकायचा, गंज पाडायचा, रंग मारायचा. या टोकाकडून त्या टोकाला पोचलो की या टोकाला परत गंज. साला घरी पण तेच." मग म्हणाला, "पाना घे. हळूच ठोक. मोबाइल जवळ धर."

मी ठोकत गेलो आणि तो हजारो मैलांवरून ऐकत गेला. टणक, टणक. तो म्हणायचा, ही जागा चांगली आहे, पुढे. टणक. पुढे. उजव्या दांड्याच्या वाकणापाशी आवाज बदलला. ओल्या लाकडावर मारावं तसा. मलाही तो कळला. त्याने परत ठोकायला लावलं.

"हं. ही जागा गेली आतून. इथे खडूने खूण कर. बाकी वाचेल. पॉलिशपेपरने घास, गोड्या पाण्याने धू, वाळली की ऑइलचा हात फिरव. मी आल्यावर तुझ्या त्या साकीनाक्यावाल्याकडे नेऊ, वेल्डिंग करून पट्टी मारून घेऊ."

"पण कंपनी..."

"गंजाला कंपनी काही देत नाही ना? मग तिला कशाला विचारायचं? आणि आईला मागे बसवू नको." मग आवाज अडकत गेला आणि रेंज तुटली.

तो चिडला होता की नाही, हे मला त्या बोलण्यातून काढता आलं नाही. अजूनही येत नाही. तो म्हणाला 'नेऊ', एवढं मी धरून बसलोय. 'नेईन' म्हणाला नाही. पण माणूस घाईत काहीही म्हणतो, असंही वाटतं, आणि मग मी उठून गाडीपाशी जातो.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशपेपर घेऊन बसलो. घासून झाल्यावर पाण्यासाठी उठलो तर मावशी नळाचं पाणी भरलेली कळशी घेऊन दारात उभी. तिने ती गाडीच्या चाकापाशी ठेवली. मी सवयीने तांब्याभरच घेतलं आणि दांड्यावर बारीक धार धरली.

ती बघत होती. म्हणाली, "वत सगळं. वाचवू नको."