मी नुसती होय म्हणाले

आमच्या घरात आभार मानणं हे दात घासण्यासारखं होतं. उठल्यावर, जेवायच्या आधी, झोपायच्या आधी, आणि पप्पांची फर्स्ट शिफ्ट असली तर पहाटे त्यांच्या डब्यावर हात ठेवूनसुद्धा. पाणी आलं म्हणून आभार, रॉकेल मिळालं म्हणून आभार. मला कावीळ झाली होती तेव्हा ती उतरल्याबद्दल आभार मानले ते मी समजू शकते, पण त्याआधी ती नुसती कावीळच निघाली म्हणूनही मानले होते. मी बारा वर्षांची होते आणि मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा यायचा.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पप्पा मुलुंडला एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत, अगदी शेवटच्या ओळीत राहायचो. मागच्या गॅलरीतून खाली नाला, नाल्यापलीकडे कमरेएवढं गवत आणि मग डोंगर. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय झकास जागा मिळाली तुम्हाला! बिबट्या चाळीतली कुत्री उचलून नेतो हे आम्ही त्यांना सांगत नसू.

ऐंशीच्या दशकातल्या ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी पाऊस लवकर संपला. दिवाळीपर्यंत डोंगर पिवळा पडला आणि हात लावला तर गवत मोडायला लागलं. दिवाळी संपली की आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार येई. वर्षभरात जे पिकलं त्यातलं देवासमोर आणून ठेवायचं, असा तो सण. मंडळीत शेती कोणाचीच नव्हती, त्यामुळे बहुतेक लोक बाजारातून केळी नाहीतर ऊस आणायचे. आईने मात्र चाळीच्या कौलांवर वेल चढवून लाल भोपळा धरला होता आणि त्याचा तिला इतका अभिमान होता की तो तिने पाळकसाहेबांनाही घरी बोलावून दाखवला होता.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी डोंगर पेटला.

सकाळपासून वर धूर दिसत होता, पण कोणी लक्ष दिलं नाही. गवत वाळलं की डोंगर दरवर्षी कुठे ना कुठे पेटायचाच. तीन वाजता वारा उतारावरून खाली यायला लागला आणि चाळीची पळापळ सुरू झाली. बांबू फुटल्याचे आवाज यायला लागले. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली. पप्पा नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी शर्टही न काढता ट्रंका बाहेर ओढायला घेतल्या. आई गोणपाटं भिजवून दारांना लावत होती. मला मागच्या गॅलरीत बादली घेऊन उभं केलं होतं, ठिणगी पडली तर पाणी मारायला.

तिथून मला तो दिसला. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आदिवासींचा पाडा होता. तिथला हा माणूस आठवड्यातून दोनदा आमच्याकडे लाकडाची मोळी आणायचा, पावसाळ्यात करटोली आणायचा. आई त्याला दादा म्हणायची. तो नाल्यापलीकडे वाकून चालला होता आणि हातातल्या पेटत्या गवताच्या पेंढीने वाटेतलं गवत पेटवत होता. दुसऱ्या हातात पाल्याची हिरवी फांदी होती. आमच्या बाजूला सरकणारी आग तो त्या फांदीने झोडपून विझवायचा, डोंगराच्या बाजूची तशीच जळू द्यायचा, आणि पुढे सरकायचा. मी हे बराच वेळ पाहिलं. मग मी पप्पांना हाक मारली. "पप्पा, दादा बघा गवत पेटवतोय!"

पप्पा शिवणाचं मशीन कडेवर घेऊनच आले. त्या क्षणी तो नेमका पेंढी लावत होता. "अरे, काय करतोस रे?" पप्पा ओरडले. त्याने हात हलवून काहीतरी सांगितलं, ते ऐकू आलं नाही. पप्पा मशीन सांभाळत आत गेले.

थोड्या वेळाने फॉरेस्टवाल्यांची जीप आली. दोघं गार्ड उतरले, दोघंही वैतागलेले. "कोणी लावली? पाहिलंय कोणी?" ते एकेकाला विचारत सुटले. पप्पांनी सरळ सांगितलं, "मी एका माणसाला गवत पेटवताना पाहिलं. आत्ताच, नाल्यापलीकडे." खोटं बोलणं हा प्रकार पप्पांना जमायचाच नाही. कामावर उशीर झाला तर बाकीचे लोक पोराचं आजारपण पुढे करायचे. पप्पा झोप लागली म्हणून सांगायचे आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापून घ्यायचे. गार्ड म्हणाला, "नक्की ना? नंतर फिरू नका." तेव्हा पप्पा माझ्याकडे वळले.

"तूही पाहिलंस ना?"

मी होय म्हणाले.

फांदीचं मी सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं हे एक. दुसरं म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदाच मोठी माणसं माझ्या उत्तरासाठी थांबली होती, आणि अशा वेळी एका शब्दात उत्तर दिलं की आपण मोठे दिसतो असं मला वाटलं. ती फांदी कशासाठी होती ते मला कळलंच नव्हतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण विझवणारा माणूस विझवताना दिसतोच. बारा वर्षांच्या मुलीलाही दिसतो.

त्याला पकडलं तेव्हा तो पळाला नाही. तोंड काळं झालं होतं, भुवया जळल्या होत्या. तो डोंगराकडे हात करून पुन्हा पुन्हा सांगत होता, "मला पलीकडं जाऊ द्या. तिकडं बी पट्टा जाळायचाय. म्हातारी घरात हाये, तिला उठता येत नाय."

"पेटवताना नाही आठवली का आई?" गार्ड म्हणाला. चाळीतले दोन-चार जण हसले. पप्पांनी कागदावर सही केली, आणि जीप गेली.

संध्याकाळी आग नाल्याच्या पलीकडे येऊन थांबली. घराएवढ्या ज्वाळा होत्या, त्या बसत बसत बोटभर झाल्या आणि विझल्या. वारा फिरला, वारा फिरला, असा चाळभर गलका झाला. पप्पांनी आम्हाला गुडघ्यांवर बसवलं आणि वारा फिरवल्याबद्दल देवाचे आभार मानले. मीही त्या दिवशी बऱ्यापैकी मोठ्याने आमेन म्हणाले. आग मात्र संपली नव्हती. ती डोंगराच्या कडेकडेने पलीकडे सरकत होती.

शुक्रवारी सकाळी शेजारचे मालवणी काका चहाला आले. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच असत आणि दिवसभर गॅलरीत उभे राहून जगाला नावं ठेवत. नाल्यापलीकडचा लांबलचक काळा पट्टा ते बराच वेळ बघत राहिले. "वारो खंय फिरलो?" ते पप्पांना म्हणाले. "ह्यो पट्टो कोणीतरी मुद्दाम जाळल्यान. आमच्या गावाक डोंगार पेटलो की असोच आडवो पट्टो जाळतत. आगीक खाऊक कायच रवणा नाय, मगे ती थंयच मरता."

पप्पांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरून कळलं की त्यांना सगळं समजलं. ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "नीट आठव. तू आधीपासून उभी होतीस. तो आग विझवतही होता का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही पाहिलंत तेवढंच."

का म्हणाले? पप्पांनी सही केली होती म्हणून. आता फांदी काढली तर काल का बोलली नाहीस हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाबरले होते, दुसरं काही नाही.

पप्पा अर्धी रजा टाकून फॉरेस्टच्या चौकीवर गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. आईला सांगताना मी ऐकलं. "साहेब सोमवारी येणार. तिथला माणूस म्हणतो, तुम्हीच लिहून दिलंय की पेटवताना पाहिलं. आता तुम्हाला वाटतं म्हणून सोडता येत नाही. विझवताना पाहिलेला कोणी असेल तर त्याला घेऊन या, आजच साहेबांना निरोप पाठवतो." आई म्हणाली, "मग आता?" पप्पा म्हणाले, "काकांनी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही. चाळीत प्रत्येकाला विचारून आलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण संशयाने नाही. माझ्यावर संशय घेण्याचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी तिथल्या तिथे बोलले असते.

शनिवारी दुपारी डोंगरामागून नवा धूर वर आला, दाट आणि काळा. आई गॅलरीत उभी होती. "पाड्याच्याच अंगाला आहे गं," ती म्हणाली. मी अपूर्णांकांचे भागाकार करत होते. सगळे चुकले.

रविवारी आम्ही भोपळा घेऊन चर्चला गेलो. वेदीपुढे उसाची मोळी, केळीचे घड, कोणाच्या तरी कुंडीतल्या चार मिरच्या. उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, साक्ष कोणाला द्यायची आहे? आमच्यात साक्ष म्हणजे मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. चाळ वाचल्याची बातमी सगळ्यांना होती, त्यामुळे माना पप्पांकडे वळल्या. पप्पा उठले. पुढचं बाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मी गुरुवारी एका माणसाविरुद्ध साक्ष दिली," ते म्हणाले. "तिचा शब्द न् शब्द खरा होता, तरी ती खोटी साक्ष होती. त्या माणसाने आमची घरं वाचवली आणि मी त्याला आत टाकला. तो अजून आत आहे. मला आज आभार मानता येत नाहीत."

ते बसले. कोणीही आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा नंबर सांगितला आणि पेटी सुरू झाली. पप्पांनी गीतांचं पुस्तक उघडलंच नाही. मला ते सहन झालं नाही. गाणं चालू असतानाच मी आईच्या कानात सांगितलं, फांदी होती, मी पाहिली होती.

आईने मनगट धरून मला भर गीतातून बाहेर ओढलं. पप्पा मागोमाग आले. अंगणात मी सगळं सांगितलं. पप्पांनी दोनदा फक्त "गुरुवारी?" असं विचारलं, आणि मी दोनदा हो म्हणाले. आम्ही तसेच चौकीवर गेलो, पण तिथे कुलूप होतं.

सोमवारी साहेबांपुढे मी पहिल्यापासून बोलले. पेंढी, फांदी, झोडपणं, सगळं. त्याला तिथेच आणून उभं केलं होतं. डावा हात छातीशी धरला होता. तो का, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. "शुक्रवारी का नाही सांगितलंस?" साहेबांनी मला विचारलं. मी खाली बघत राहिले. त्यांनी कंटाळून कागद सहीसाठी पप्पांपुढे केला आणि त्याला म्हणाले, जा.

बाहेर पाड्यावरची दोन माणसं बसून होती. त्यांनी त्याला सांगितलं ते आम्हीही ऐकलं. शनिवारी पाड्यातल्या चार झोपड्या गेल्या. बायकांनी म्हातारीला ओढून बाहेर काढलं, पण धूर फार गेला होता. रविवारी सकाळी ती गेली. दुपारी मातीही देऊन झाली.

तो डोंगराकडे वळला. चालायला लागला.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर पप्पा मला घेऊन पाड्यावर गेले. आईने तांदूळ आणि दोन चादरी दिल्या होत्या. तो एका हाताने नव्या झोपडीचे बांबू बांधत होता, बायको दुसरं टोक धरून होती. पायाखाली सगळी राख. पप्पांनी सामान ठेवलं, चपला काढल्या आणि त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या मागे.

"दादा," पप्पा म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला. सगळं माझ्यामुळे झालं."

मी आणखी मागे सरकले. कारण त्याला खरं माहीत होतं. चौकीत त्याने माझ्या तोंडून ऐकलं होतं की मी गुरुवारीच सगळं पाहिलं होतं, आणि साहेबांच्या प्रश्नावर मी कशी गप्प बसले तेही त्याने पाहिलं होतं. आता तो म्हणेल, सायेब, तुमची पोरगी बोलली असती तर मी शुक्रवारी सुटलो असतो, शनिवारी घरी असतो. असं त्याच्या बायकोसमोर, सगळ्या पाड्यासमोर तो म्हणणार, याची मी वाट बघत होते.

त्याने हातातली दोरी सोडली. माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांकडे पाहिलं.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "तुमच्यामुळंच झालं."

आणि त्याने दोरी पुन्हा दातात धरली. पप्पांनी मान खाली घातली आणि ते ऐकून घेतलं. त्याची आई मातीत होती आणि मी सुटले होते. मला इतकं हलकं वाटलं की माझी मलाच किळस आली. तरी मी आभार मानले. देवाचे नाही, त्याचे. मनातल्या मनात, पप्पांच्या पाठीआड उभी राहून.