पावसाच्या जाळीवरचा वेल

त्या वर्षी मला कागदावरच्या पावसाचा कंटाळा आला होता. सकाळी भोरहून निघायचं, नसरापूरला एसटी बदलायची, वेल्ह्याच्या तहसील कचेरीतल्या मागच्या खोलीत बसायचं आणि पावसाच्या जुन्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो काढायचे. संध्याकाळी घरी येऊन ते आकडे संगणकात भरायचे. वह्यांना कसर लागलेली. काही पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली, ती पट्टीच्या कडेने हळूहळू सोडवावी लागत. सुरुवातीच्या वर्षांचा पाऊस इंचांत, पुढचा मिलिमीटरमध्ये. मराठी एक आणि नऊ काही जणांनी इतके सारखे काढलेले, की त्या दिवशी नक्की काय पडलं होतं ते आजूबाजूच्या गावांच्या पावसावरून ठरवायचं. डोळे दुखायचे, मान धरायची. बायको म्हणायची, पडून गेलेल्या पावसात कुणी एवढं भिजतं का.

कंटाळा आला हे उघड म्हणायची मला लाज वाटे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील भोंगवलीला शेती करतात. आमच्या शाळेतली प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं, आणि विज्ञानाचे सर त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवत, म्हणजे निदान ते उघडता तरी येई. त्या सरांनी पाठीमागे लागून मला भोरच्या कॉलेजात घातलं. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, आणि आता पुण्यातल्या एका संस्थेत करारावर का होईना, काम मिळालं होतं. डोक्यावर छप्पर, बसायला खुर्ची. एवढं असून थकलो म्हणायला जीभ रेटत नसे.

काम सांगायला सोपं होतं. या डोंगरी भागातला पाऊस गेल्या कित्येक पिढ्यांत बदलला का, बदलला तर किती, हे खात्रीने सांगता येईल अशी एक सलग मालिका तयार करायची. अडचण अशी की, आकडा कमी झाला म्हणजे पाऊसच कमी झाला असं धरता येत नाही. पाऊस मोजायचं भांडं दुसरीकडे हलवलं असेल, शेजारी इमारत उभी राहिली असेल, झाड वाढलं असेल, मोजणारा माणूस बदलला असेल. आधी हे सगळं वजा करायचं. मग जे उरेल त्याला हवामान म्हणायचं. वडिलांना हे कधी पटलं नाही. घरी गेलो की ते विचारायचे, "निघालं का तुज्या कागदात? पाऊस पयल्यासारखा न्हाई ते?" मी म्हणायचो, अजून तपासतोय. ते बैलांकडे बघून मान हलवायचे.

घोडं वेल्ह्याच्या नोंदींत अडलं. वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी, त्यामुळे तिथला पाऊस भोरपेक्षा नेहमीच बराच जास्त. पण दोन्हींचं एक प्रमाण असतं, ते वर्षानुवर्षं साधारण टिकतं. आमच्या आलेखात ते एका वर्षापासून बिघडलं होतं. वेल्ह्याचा आकडा अचानक खाली आला, बरीच वर्षं खालीच राहिला आणि मग जसा आला तसा पुन्हा वर गेला. शेजारच्या कुठल्याही ठिकाणी तसं काही दिसत नव्हतं.

संस्थेतल्या आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कारण सापडलं तर दुरुस्त करू. नाही सापडलं तर एवढी वर्षं वगळायची."

ती वर्षं वगळली की वेल्ह्याच्या मालिकेचे मधोमध दोन तुकडे होणार होते, आणि तुकड्यांवरून लांब पल्ल्याचं काही सांगता आलं नसतं. त्याहून एक गोष्ट मला खटकत होती. ती सगळी वर्षं एकाच हाताने लिहिलेली होती. अक्षर गोल आणि स्वच्छ, एक आणि नऊ लांबूनही वेगळे ओळखू यावेत असे. सगळ्या वह्यांत मला त्याच वह्यांनी कमी त्रास दिला होता.

ते अक्षर ज्यांचं, ते कचेरीतले निवृत्त कारकून बाजारामागच्या गल्लीत राहतात असं कळलं. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. श्रावण चालू होता. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि माझ्याआधी माझी बातमी त्यांच्याकडे पोहोचली होती.

"माज्या नोंदीत खोट निघाली म्हणं?" त्यांनी बसा म्हणायच्या आधीच विचारलं.

मी म्हटलं, खोट नाही, एक शंका आहे. त्यांनी हाताने खुर्ची दाखवली. चेहरा काही सैल झाला नाही.

मग तेच बोलत राहिले. सकाळी साडेआठची नोंद त्यांनी कधी चुकवली नव्हती. कचेरीच्या मागेच त्यांची खोली होती. वेल्ह्याच्या आषाढात समोरचा माणूस दिसत नाही, तरी डोक्यावर पोतं घेऊन ते जायचे. शेजारच्या ठिकाणचे काही लोक आठवड्याचा पाऊस शनिवारी घरात बसून लिहायचे, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकही आकडा तसा लिहिला नव्हता. आतून त्यांच्या मंडळींचा, काकूंचा आवाज आला, "लेकीच्या हळदीला बी हे पाऊस मोजत हुते. वऱ्हाडी इचारत्यात, नवरीचा बाप कुठं हाय?"

"मोजला म्हणून काय बिघडलं तुजं?" अण्णा म्हणाले.

मी माझे प्रश्न काढले. भांडं हलवलं होतं का? नाही. जवळ झाड? नाही. नवीन भिंत, पत्रा, टाकी? काही नाही. एक जाळी तेवढी बसवली होती, आणि ती अण्णांनीच मागे लागून मंजूर करून घेतली होती. बाजाराच्या दिवशी धनगरवाड्यावरची शेरडं आवारात शिरायची आणि भांड्याला अंग घासायची. एकदा तर बोकडाने भांडं आडवंच केलं. म्हणून खाटेएवढ्या जागेभोवती छातीइतकी तारेची जाळी आली. जाळीची नोंद मलाही सापडली होती, आणि तिचं वर्ष आलेख बिघडल्याच्या वर्षाशी जुळतही होतं. पण मोठ्या भोकांच्या जाळीतून पाऊस सरळ आत जातो. तिच्याने इतका फरक पडणार नाही, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. परतीच्या गाडीला वेळ होता, अंगात उठायची ताकदही नव्हती.

तेवढ्यात काकू चहा आणि भजी घेऊन आल्या. घोसाळ्याची भजी, गरम.

"खा. कचेरीचं घोसाळं हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कचेरीतून कुणी आणून दिली असतील. त्या म्हणाल्या, छे, वेल मागच्या दारचाच, पण बी कचेरीतलं. तिथे राहायला असताना दर मृगाला त्या लावायच्या आणि दर वर्षी एखादं घोसाळं बियाण्याला राखायच्या. मी सहज विचारलं, तिथे मांडव कुठे होता.

"मांडव कशाला? जाळी हुती की. पावसाची."

माझा हात ताटलीवरच राहिला.

"आदी लावायची तर शेरडं ठिवत न्हवती," काकू पुढे म्हणाल्या. "ह्यांनी जाळी आणली आन् लई सोय झाली. समदी कचेरी भजी खायाची. सायबासुद्दा."

आमच्या भागात पावसाळ्यात कुणी कुंपण उघडं ठेवत नाही. काटेरी असो, तारेचं असो, त्यावर काकडी नाहीतर दोडका, कारलं नाहीतर घोसाळं चढतंच. रिकामं कुंपण म्हणजे घरातल्या बाईचा आळस. माझी आई गोठ्याच्या कुडावर दुधी चढवते. उद्या कुणी मला आमच्या कुडाचं वर्णन विचारलं, तर दुधी सांगायचा माझ्या लक्षातही येणार नाही. आमच्या छापील प्रश्नांत झाड होतं, भिंत होती, छप्पर होतं. वेल नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तोंड म्या मोकळं ठिवायचो," ते लगेच म्हणाले. "एक पान भांड्यावर येऊ दिलं न्हाई. रोज बघायचो."

मला त्यात जराही शंका नव्हती. मी हळूहळू सांगायला लागलो. भांडं गुडघ्याच्याही खाली, जाळी छातीला. वेल्ह्याचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो. घोसाळ्याची पानं तळव्याहून मोठी. जाळी भरली की चारी बाजूंनी हिरवी भिंत, आणि तिरपा पाऊस त्या भिंतीवर. माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्यांना कळलं होतं. त्यांनी हातातलं भजं ताटलीत परत ठेवलं.

"म्हंजे घोसाळ्यानं सरकारचा पाऊस खाल्ला म्हणा की," काकू म्हणाल्या. कुणी हसलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् सायबानं भजी खाल्ली तवा ग्वाड लागली."

अण्णांनी तोंड समोरच्या पागोळ्यांकडे वळवलं. मग म्हणाले, "माजी वर्सं काडून टाकणार?"

मी म्हटलं, बघतो.

पुढचे कित्येक आठवडे मी तेवढंच बघत होतो. इतके दिवस आम्ही वर्षाची बेरीज शेजाऱ्यांशी ताडून बघितली होती. आता महिन्यामहिन्याची बघितली. अण्णांच्या वर्षांत जून आणि जुलै भोरशी आणि आसपासच्या ठिकाणांशी नेहमीच्या प्रमाणात नीट जुळत होते. वेल तेव्हा लहान असतो. ऑगस्ट अर्ध्यावर आला की आकडा घसरायला लागे, सप्टेंबरात आणखी. ते निवृत्त होऊन खोली सोडून गेले, त्या वर्षापासून सप्टेंबरही जुळायला लागला. इतकं स्पष्ट होतं की मला आनंद व्हायला हवा होता. मी संगणक बंद केला आणि जेवायला बसलो, आणि बायकोने दोनदा विचारलं तेव्हा कुठे भाजी कसली आहे ते बघितलं.

मॅडमनी सगळं दोनदा तपासलं आणि मान्य केलं. जून-जुलै जसेच्या तसे ठेवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरचे मूळ आकडे पुसायचे नाहीत, पण हिशेबात धरायचेही नाहीत. त्यांच्या शेजारी दुसऱ्या रकान्यात आसपासच्या पावसावरून काढलेला अंदाज द्यायचा आणि कारणाची एक ओळ. वेल्ह्याची मालिका तुटण्यापासून वाचली. वडिलांना सांगितलं की त्या वर्षांत श्रावण-भादव्यातला पाऊस कागदावर दिसत होता तितका काही घटला नव्हता. ते म्हणाले, "तुजं भांडं काय बी म्हणू दे," आणि उठून गेले.

मला त्या मालिकेचा आधार वाटायला हवा होता. पण एसटीत बसलो की दुसरेच विचार येत. या दोन तालुक्यांतच पाऊस मोजायच्या किती जागा, आणि पुढे सगळा देश. बहुतेक ठिकाणचे मोजणारे आता हयात नाहीत. तिथल्या कुंपणांवर काय चढलं होतं, भांड्याशेजारी कुणी कडबा रचला होता, कुणी वासरू बांधलं होतं, हे सांगायला कोण उरलंय? माझ्या वाट्याला श्रावण आला, भजी आली. दिवाळीनंतर गेलो असतो तर बिस्किटं आली असती.

दसरा झाल्यावर मी छापलेली पानं घेऊन अण्णांकडे गेलो. ते थोडे वाळल्यासारखे दिसले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आले.

"हे माजं?"

"तुमचं. जसंच्या तसं ठेवलंय."

"आन् हे शेजारचं?"

"आमचा अंदाज."

त्यांनी पानं उलटली. मग म्हणाले, "म्हंजे आषाढ ऱ्हायले."

"राहिले."

"श्रावण-भादवा गेला."

मी म्हणायला लागलो की गेला असं नाही, मूळ आकडे जपलेत, फक्त हिशेबात... त्यांनी हात वर केला. "सरळ सांगा."

"गेला," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. बोट कारणाच्या ओळीवर जाऊन थांबलं. "कुंपनावर वेल. कुणी लावला ते न्हाई ना लिवलं?"

"नाही."

"मग बरं."

"लिवा की," आतून काकू म्हणाल्या. "माजं नाव हाय कुठं दुसरं सरकारात?"

अण्णांनी पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली, चष्मा काढला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "श्रावणात काय, ऊनसावली. कुणी बी मोजंल. आषाढात लई हाल. भांडं भरून वाहायाचं, मधीच जाऊन मोजून रिकामं करावं लागायचं. चार पावलांवर जायाचं तर माणूस आडवा व्हायाचा." त्यांनी मांडीवरच्या पानांवर हात ठेवला. "जड हुतं त्येच ऱ्हायलं."

मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

काकूंनी चहा आणला. मागच्या दाराशी वेल पिवळा पडला होता, आणि त्यावर बियाण्याला राखलेली दोन घोसाळी वाळत लटकली होती.