एकटी दीर्घिका आणि मामांचा फ्लेक्स

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, तरी सांगतो!

माझी पीएचडी कशावर? आकाशातल्या अवाढव्य, अंड्यासारख्या, एकट्या दीर्घिकांवर, म्हणजे गॅलेक्सींवर. त्यांच्यात डार्क मॅटर कुठं किती पसरलंय ते मोजायचं. ते दिसत न्हाय, नुसतं ओढतं. मग कडेचे तारकागुच्छ किती जोरात पळतात ते बघून ओढ काढायची. दीर्घिका मात्र एकटीच पाहिजे. शेजारी कोण असलं, तर त्याची ओढपण हिच्याच नावावर जमा!

तर माझ्या दीर्घिकेच्या कडेला डार्क मॅटर निघालं, अहो, मरणाचं! माझे गाईड, सरही खूश. उद्या पेपर धाडायचा, त्यावरच माझी पीएचडी संपणार होती.

गप बसावं की नाही? मी मामांना सांगितलं. आणि कोल्हापुरात मामांना सांगणं म्हणजे काय? फ्लेक्स!

"भाच्यानं आभाळात झेंडा लावला आणि चौकात बोर्ड न्हाय? लोक काय म्हणतील?"

मीपण लाजत लाजत फोटो धाडले. एक माझा, एक दीर्घिकेचा.

सकाळी चौकात गेलो. हा एवढा मोठा फ्लेक्स! वर गॉगल लावून मामा, खाली मी, मधे माझी दीर्घिका. आणि तिला खेटून आणखी एक दीर्घिका! तेवढीच धिप्पाड!

माझं डोकंच सटकलं. लावला फोन.

"मामा, ही दुसरी कुठनं चिकटवली?"

"म्या कशाला चिकटवू? तुझा फोटो बारका हुता, मोठा केला की फुटत हुता. मग फोटोखाली तिचा नंबर हुता, तो टाकून नेटवरनं मोठा काढला."

"आणि ही शेजारची?"

"हुतीच की तितं!"

हुतीच की तितं! पायाखालची जमीन सरकली हो माझ्या. पळत घरी आलो, लॅपटॉप उघडला. दीर्घिका मधोमध यावी म्हणून मीच फोटो चौकोनी कापला होता, आणि ती एकटी आहे हे त्या तुकड्यावर बघून ठरवलं होतं! अंतर तपासलं. दोघी आपल्यापासून एकाच अंतरावर, म्हणजे खरोखरच्या शेजारणी. निम्मे तारकागुच्छ शेजारणीचे! आमच्या गल्लीत कुणाकडं मटण शिजतंय ते मला वासावरनं कळतं, आणि एवढी थोरली शेजारीण दिसली न्हाय?

तेवढ्यात सरांचा फोन.

"पेपर थांबव."

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

"चौकातनंच बोलतोय."

मेलो! म्हटलं, "सर, चुकलं. सगळं परत मोजतो."

"मोज. आणि नव्या पेपरात मामांचं नाव घाल. अख्खा फोटो बघणारा तुमच्या घरात तेवढा एकच माणूस दिसतोय."