पान एकेचाळीस आणि न्हाणीघराची फरशी

गल्लीत त्यांना ठिपकेसर म्हणतात; खरं नाव पोस्टमनलाच ठाऊक. विद्यापीठात शिकवतात, पण आयुष्य गेलं ते एका प्रश्नापायी: जागा आणि काळ हे सलग कापड नसून सुटे सुटे ठिपके असतील, तर त्यांवर कणांचं गणित मांडायचं कसं? चौकटी आखल्या की दिशा ठरते, आणि निसर्गाला कुठलीच दिशा लाडकी नाही. म्हणून ठिपके वाटेल तसे पडायला हवेत. सर कागदावर शाई झटकून ते पाडत. त्यांचे शर्ट धुताना निसर्गाबद्दल त्यांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं, मत जरा वेगळं पडे.

चौदा वर्षांनी सिद्धता हाती आली: ठिपके बारीक करत जा, शेवटी नेहमीचं गुळगुळीत समीकरण मिळतं. सत्तर पानांचा निबंध एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला, पुढच्या महिन्यात छापून येणार. बाईंनी निम्म्या गल्लीला सांगितलं. उरलेल्या निम्मीला त्या निम्मीनं.

त्याच आठवड्यात बाईंचा धाकटा भाऊ न्हाणीघराची फरशी बदलायला आला. हाताचा पक्का कारागीर, जिभेचा त्याहून पक्का.

"दाजी, तुम्ही ठिपके मांडता, मी लाद्या. धंदा एकच. फक्त माझ्या कामावर माणसाला उभं राहता येतं!"

सर हसले. बाईंनी निवडलेल्या नखाएवढ्या लाद्या पाहून म्हणाले, "बारीक आहेत ते बरं. काम सफाईदार होईल."

"कुणी सांगितलं? मोठ्या लादीला चार सांधे, तर तेवढ्याच जागेत या नखुल्यांना चारशे. दर सांधा केसभर सरकतो."

"काही इकडे, काही तिकडे. एकमेकांत मिटतं की."

"मिटतं कसलं! लादी जितकी बारीक, तितकी समोरच्या भिंतीशी रांग वेडीवाकडी. म्हणून मी दर हातभर अंतरावर सरळ दोरी धरतो. तुम्ही काय धरता?"

सरांनी खोलीत जाऊन निबंध उघडला. पान एकेचाळीस. 'साहजिकच, हे चढउतार एकमेकांत मिटतात.'

गणितवाल्यांचं 'साहजिकच' म्हणजे पाहुणे आल्यावर पलंगाखाली ढकललेला पसारा. चौदा वर्षांत सर तिथे वाकले नव्हते. आता वाकले. दोन दिवस आकडेमोड केली. सरासरी बरोबर येत होती. पण ठिपके जितके बारीक, तितके चढउतार मोठे. मेहुण्यासारखी मध्ये दोरी धरून पाहिली, म्हणजे ठरावीक अंतराहून बारीक चढउतार सोडून दिले. चढउतार आवरले, पण मग सिद्ध होत होतं ते भलतंच, अगदी किरकोळ काहीतरी. पुढची एकोणतीस पानं त्या एका ओळीवर उभी होती.

"अहो, तोंड का उतरलंय?" बाईंनी विचारलं.

"चूक सापडली."

"मग सुधारा."

"सुधारत नाही."

"कळणार आहे कुणाला?"

सरांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. असलं वाचणारी माणसं जगात सहा. त्यांतल्या तिघांनी तर परीक्षक म्हणून ते वाचलंही होतं. "कुणालाच नाही," ते म्हणाले, आणि म्हणजे सांगायचं काम त्यांच्या एकट्यावरच आलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी संपादकांना दोन ओळी पाठवल्या: निबंध मागे घेत आहे.

मेहुणा शेवटच्या रांगेवर होता. एक लादी तिरकी बसलेली. त्यानं ती नखानं उचलून नीट दाबली. "सिमेंट ओलं आहे तोवर सगळं निघतं, दाजी. तुमचं काय म्हणतंय?"

"तुझंच खरं निघालं. मिटत नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" तो इतका खूश झाला, की निबंध मागे घेतल्याचं सरांना सांगवेना.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं: सरांचा मोठा शोध मेहुण्याला आधीच माहीत होता. लोक अभिनंदन करायला दारात आले. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी सगळ्यांना आत बोलावून नवी फरशी दाखवली.