टेलिफोनबाईंचं पार्सल

बस स्टँडच्या चौकशी खिडकीत बाईंनी बावीस वर्षं काढली. "गाडी कुठवर आली?" असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "वळणावरच आहे." गाडी आगारातून निघालेली नसली तरी वळणावर. टायर फुटून माळावर उभी असली तरी वळणावरच. बावीस वर्षांत बाईंनी त्या वळणावर इतक्या गाड्या आणून उभ्या केल्या, की खरोखर तसं झालं असतं तर तिथे मुंगीला शिरायला जागा उरली नसती.

निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाणार असं वाटत होतं. पण मुलगा घरोघर पार्सलं पोहोचवायच्या कामाला लागला आणि बाईंची खिडकी पुन्हा उघडली. या वेळी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या स्टुलावर.

मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. बाकी त्याला सगळं येतं, आणि जे येत नाही ते तो शिकून घेतो. गोदामात त्याला आधी आतल्या खोलीत बसवलं होतं, खोकी बांधायला. चार वर्षं त्याने चिकटपट्ट्या ओढल्या. संध्याकाळी घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग मॅनेजरच्या मागे लागून लागून त्याने बाहेरचं काम मिळवलं, बॅटरीच्या स्कूटरला दोन जादा आरसे लावून घेतले, आणि माणूसच बदलला. आता घरी आला की त्याचे हात थांबायचे नाहीत. कुठल्या जिन्यात कुत्रं अंगावर आलं, कुठल्या आजोबांनी पायरीवर बसवून पाणी दिलं, कुठल्या बाईने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला अर्धाच रंग लावलेला होता. सगळं हातांनी आणि चेहऱ्याने. बाई हसून हसून लोळायच्या.

अडचण एकच, पण मोठी. पार्सलाचं काम जितकं चाकांवर चालतं तितकंच फोनवर. पत्ता सापडत नाही, फोन. फाटक बंद आहे, फोन. कुठवर आलात, फोन, फोन आणि परत फोन. म्हणून पार्सलांवर मुलाच्या नावापुढे नंबर असायचा आईचा. गिऱ्हाईक बाईंना विचारणार, बाई मुलाला लिहून कळवणार, आणि तो गाडी थांबवेल तेव्हा वाचणार. तो नेमका कुठे आहे हे बाईंना तरी कुठे ठाऊक असायचं? मग त्या जुन्या आवाजात सांगायच्या, "वळणावरच आहे हो." आळीने त्यांचं नाव ठेवलं टेलिफोनबाई.

लोक एकदा फसतात, दोनदा फसतात. तिसऱ्यांदा तक्रार करतात. एका दुपारी कुणी एक गृहस्थ वळणावरच्या पार्सलासाठी तब्बल दोन तास अंघोळ न करता बसून राहिले आणि थेट गोदामात जाऊन थडकले. मॅनेजरने बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं ते वळण आता मला पाठ झालंय."

"अहो, मी तरी काय करू? तो कुठे आहे ते मला कसं कळणार?"

"कुणालाच कळत नाही, हीच तर बोंब आहे. मागणी एका कॉम्प्युटरवर, पिशवीची नोंद वहीत, आणि गाडी रामभरोसे. म्हणून एक तारखेपासून नवीन सॉफ्टवेअर बसवतोय. सगळं एकात. पण तुमच्या मुलाचं सांगतो. मला वरून विचारतात. तेव्हापासून पंधरा दिवस बघतो. दोनपेक्षा जास्त पार्सलं परत आली, तर त्याला आत बसवावं लागेल. खोकी बांधायला."

बाई तडक घरी आल्या. त्या रात्री... नव्हे, त्या संध्याकाळीच त्यांनी त्या सॉफ्टवेअरला मनसोक्त शिव्या घातल्या. आजवर निदान दोष वळणावर ढकलता येत होता. आता यंत्र चव्हाट्यावर मांडणार सगळं!

एक तारीख उजाडली. बाई सकाळी आठ वाजता स्टुलावर बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले, फोन ढिम्म. अकराला त्यांनी शेजारणीला हाक मारून तिच्या फोनवरून आपला नंबर लावून बघितला. वाजला, अगदी खणखणीत.

"अगं, मग कुणीच कसं करत नाही फोन?" बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

संध्याकाळी मुलगा आला तो दारातूनच हात उडवत. त्याने सांगितलं ते असं: पार्सल पिशवीत पडलं की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो. त्याच्या फोनवर नकाशा दिसतो, नकाशावर एक निळा ठिपका, आणि तो ठिपका म्हणजे मी! मी हललो की ठिपका हलतो. फाटक बंद असलं तर गिऱ्हाईक खाली लिहितं, हँडलवरचा फोन थरथरतो, मी वाचतो. कुठे रस्ता खणला असला तर फोनच दुसरी वाट काढून देतो. दारात गिऱ्हाइकाने चार आकडी कोड दाखवायचा, मी तो दाबायचा, फोटो काढायचा, झालं. कुणाला माझ्याशी बोलावंच लागत नाही! हे सांगताना त्याने स्वतःच्या छातीवर बोट आपटलं आणि मग ते बोट टेबलावरून सरसर फिरवत नेलं. मी, ठिपका, मी, ठिपका. पोरगा नुसता उकळत होता आनंदाने. बाईंनी सॉफ्टवेअरला घातलेल्या सगळ्या शिव्या मुकाट्याने परत घेतल्या.

तेरा दिवसांत फक्त दोन पार्सलं परत आली, आणि त्यातलं एक तर घर बदलून गेलेल्या माणसाचं होतं. पण दोन म्हणजे काठावर. आणि इकडे बाईंच्या जिवाला चैन नव्हती. पूर्वी दर फोनमागे लेकाचा थोडा तरी पत्ता लागायचा. आता सगळ्या शहराला तो कुठे आहे ते दिसत होतं, आईला सोडून. त्या मॅनेजरकडे गेल्या.

"मलाही दाखवा की तो ठिपका."

"तसं नाही करता येत बाई. ज्याचं पार्सल, त्यालाच ठिपका दिसतो."

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या आणि चौदाव्या दिवशी शेजारणीला बसवून त्यांनी सगळ्यात स्वस्त वस्तू मागवली, सुयांचं पाकीट. मुलाला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

पंधरावा दिवस, शेवटचा. साडेनऊला निरोप आला: तुमचं पार्सल निघालं आहे. बाईंनी नकाशा उघडला आणि तो ठिपका! हलत होता!

"अगं ये लवकर! बघ, बाजारातून निघाला! आता पुलावर! कसा सुसाट चाललाय बघ मेला!"

शेजारीण गॅसवरचं दूध सोडून आली. दोघी एका फोनवर डोकी लावून बसल्या. ठिपका एका इमारतीपाशी थांबला, सुटला, पुन्हा थांबला. दर थांब्याला बाई मांडीवर थाप मारत होत्या. लहानपणापासून हा मुलगा घराबाहेर पडला की त्या दाराकडे डोळे लावून बसायच्या, आणि आज तो शहरभर हिंडताना हातात मावत होता. दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही.

बाईंच्या आधी चारच घरं उरली तेव्हा त्यांना काही घरात बसवेना. लेक येताना डोळ्यांनी बघायचा, कोपऱ्यावर उभं राहून! त्यांनी दाराला कुलूप घातलं, पायात चपला सरकवायचंही भान नाही, आणि निघाल्या. कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्यांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. उन्हात फोनवर काही दिसत नव्हतं, म्हणून त्या रस्त्याकडेच बघत राहिल्या.

"बाई, गाडी इकडून कशी येईल?" शिंपी म्हणाला. "पुढे सकाळपासून खणून ठेवलंय."

बाईंनी हाताचा आडोसा करून फोन बघितला. ठिपका त्यांच्याच घरापाशी होता. यंत्राने त्याला मागच्या बोळातून आणलं होतं. खाली अक्षरं होती: पार्सल दारात आहे. पाच मिनिटं थांबून परत नेलं जाईल. आणि त्यातली तीन मिनिटं संपलेली.

तिसरं पार्सल! स्वतःच्या आईचं!

त्याच्या खिशात घराची किल्ली होती, पण किल्लीने पार्सल पोहोचत नाही, कोडने पोहोचतं, आणि कोड बाईंकडे. तो नियम मोडणार नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तसा वाढवला होता. बाई पळत सुटल्या. साठी ओलांडलेली बाई, अनवाणी, भर रस्त्यात. घराची खिडकी दिसली तेव्हा त्यांनी जीव खाऊन त्याला हाक मारली. बस स्टँडवर कमावलेला आवाज, अख्खी आळी वळून बघायला लागली. ज्याला मारली त्याला सोडून हाक सगळ्यांना ऐकू गेली. तीस वर्षं हे असंच चाललेलं होतं, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने, स्वतःवरच्याच.

मग त्यांना ती रिकामी चौकट आठवली, नकाशाच्या खालची. पळता पळता त्यांनी अंगठ्याने लिहिलं: थांब. आले.

उत्तर लगेच आलं: सावकाश ये. जिना ओला आहे.

बाई तिथेच भिंतीला टेकल्या. लांबून मारलेल्या हाकेला पोराने ओ दिली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या रडल्या, हसल्या, नाक पुसलं, आणि लेकाने सांगितलं होतं म्हणून ओला जिना कठडा धरून सावकाश चढल्या.

दारात तो उभा होता, चेहरा दगडासारखा, हात पुढे. कोड.

बाईंनी चार बोटं दाखवली, मग सात, मग एक, मग परत चार. त्याने दाबलं. हिरवी खूण उमटली. पाकीट त्याने अदबीने दोन्ही हातांनी दिलं, दोन पावलं मागे सरकून गिऱ्हाइकाचा फोटो काढला, आणि मगच त्याचा दगड फुटला. इतका हसला की कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. मग खाली बोट दाखवलं, अजून अकरा पार्सलं आहेत, आणि पायऱ्या उतरून गेला.

दहा मिनिटांनी बाईंचा फोन वाजला. मॅनेजर.

"बाई, फोटो आलाय माझ्यासमोर. केस पिंजारलेले, पाय उघडे, हातात सुया. हे काय?"

"परत नाही ना गेलं? दोनच आहेत ना?"

"दोनच. अहो, उरलेली अकरा तो पोहोचवणारच, मी बघतोय ना त्याला. खोकी बांधायला दुसरा माणूस शोधतो मी. अभिनंदन, तुमचा मुलगा कायमचा रस्त्यावर आला!"

बाईंनी फोन तसाच टाकला, दार सताड उघडलं आणि जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "अगं ऐकलंस का? पोरगा रस्त्यावर आला माझा! रस्त्यावर आला!"

शेजारीण करपलेलं पातेलं हातात घेऊन घाबरीघुबरी धावत आली, आणि बघते तर काय, टेलिफोनबाई टाळ्या पिटत होत्या.